वाढत्या अंगाची खुर्ची

दिनांक ७ मार्च २०२२, सोमवार. सकाळच्या वेळी साहाय्य कार्यालयाच्या तळमजल्यावर माझ्या धाकट्या मुलीला चाकांची खुर्ची देण्यात आली. मुलगी सहा वर्षांची. खुर्ची मिसरूड फुटलेल्या मुलाच्या मापाची. ही विसंगती मी अधिकाऱ्यांच्या निदर्शनास आणून दिली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि समजूत काढण्याच्या सुरात सांगितले, "मुद्दामच वाढत्या अंगाची दिली आहे. पुढे काही वर्षं बघायला नको." या उत्तराविरुद्धची माझी तक्रार आजतागायत विचाराधीन आहे, हे येथे नोंदवून ठेवतो.

माझ्या मुलीचे पाठीचे स्नायू तिला तोलून धरत नाहीत. मापाच्या खुर्चीत दोन्ही कुशींना आधार मिळाला की ती ताठ बसते, बोलते, थोरल्या भावाशी भांडते. सैल खुर्चीत ती एका अंगाला ओघळत जाते आणि तिच्याबरोबर तिचा कणाही. शाळेने तिला प्रवेश देण्याचे कबूल केले होते. अट इतकीच की वर्गात तिला बसता आले पाहिजे. सत्र तोंडावर आले होते, आणि मापाची खुर्ची नव्याने बनून हाती येईपर्यंत ते अर्धे उलटून गेले असते.

तिला व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला बस डेपोचा रस्ता दाखवला. "कंडक्टरबाईंना भेटा. आणि कृपा करून त्यांच्यापुढे अर्ज काढू नका."

कंडक्टरबाईंची उभी हयात धावत्या बसमध्ये गेली. निवृत्त होऊनही त्या स्थिर जमिनीवर पाय फाकवून, एक हात भिंतीला लावून उभ्या राहतात. जणू ड्रायव्हर कोणत्याही क्षणी ब्रेक मारणार आहे. त्यांच्या नातीलाही अशीच खुर्ची लागते. नातीला पहिली खुर्ची अपुरी पडू लागली, तेव्हा ती परत घेण्याची सोय कोणत्याच कार्यालयात नव्हती. त्याच सुमारास एक आई कंडक्टरबाईंच्या बसमध्ये रोज आपल्या थोराड मुलाला कडेवर घेऊन चढत असे. बाईंनी एके दिवशी ती खुर्चीच बसमध्ये चढवली आणि त्या आईच्या थांब्यावर उतरवली. पुढे डेपोतल्या बंद प्रतीक्षालयाची किल्ली त्यांनी कशी मिळवली, हे तेव्हाचे डेपो मॅनेजर अजूनही कुणाला सांगत नाहीत.

दर शनिवारी ती खोली उघडते. आत मुलांना अपुऱ्या पडलेल्या खुर्च्या, पायांचे पट्टे, उभे राहण्याच्या चौकटी. एका बाकावर एखादी आई दुसरीला पोटातल्या नळीवाटे भरवायचे कसे ते दाखवत असते. दुसऱ्या बाकावर कुणी बाप नुसताच डोळे मिटून बसलेला असतो, कारण त्याच्या मुलाला तासभर दुसऱ्या कुणीतरी घेतलेले असते. बाई दारातून ओरडत असतात, "मूल वाढलं की खुर्ची सोडायची. उतारू उतरला, जागा मोकळी. आपल्या बापाची गाडी नाही."

मी माझी कैफियत व्यवस्थित क्रमाने मांडली. बाईंनी ती "वाढत्या अंगाची"पर्यंत ऐकली आणि हसून हसून त्यांना बाकावर टेकावे लागले.

"अहो अर्जवाले, खुर्ची म्हणजे काय शाळेचा गणवेश आहे, खालून दुमडून शिवायला?" मग त्या माझ्या मुलीपुढे वाकल्या. "काय गं, कुठली सीट हवी?"

"खिडकीजवळची," मुलगी म्हणाली.

"सगळ्यांना तीच हवी असते."

मी बरोबर आणलेली कार्यालयाची ती खुर्ची त्यांनी त्याच दिवशी एका उंच मुलाला देऊन टाकली. त्याला ती तंतोतंत बसली. "खुर्ची बरोबर होती," त्या म्हणाल्या, "फक्त भलत्याच थांब्यावर उतरवली होती." माझ्या मुलीच्या मापाची मात्र खोलीत एकही नव्हती. मुलीच्या कुशीपासून कुशीपर्यंत बाईंनी वीत लावून पाहिली. अशी एक खुर्ची होती, ती एका घरी होती. त्या घरातली मुलगी हिवाळ्यात गेली होती.

"चला माझ्याबरोबर," त्या म्हणाल्या. "पण तिथे तोंड उघडायचं नाही. खुर्चीचं नाव काढायचं नाही."

"तुमचा तर नियम आहे, उतारू उतरला की—"

"तो इथल्यांसाठी. तिथे मी नियम घेऊन जात नाही."

तिसऱ्या मजल्यावरचे घर. दार त्या मुलीच्या आईने उघडले. खुर्ची खिडकीपाशीच होती, आणि तिच्यावर घड्या घातलेल्या कपड्यांची चळत होती. बाईंनी तिकडे पाहिलेही नाही. त्या जमिनीवर बसल्या, दोरीवरून काढलेला कपड्यांचा ढीग पुढे ओढला आणि घड्या घालू लागल्या.

"बाई, तुम्ही कशाला?"

"हाताला सवय आहे. तिकिटं संपली, आता चादरी."

दोघी डेपोतल्या नव्या मॅनेजरबद्दल बोलल्या, बाईंच्या नातीच्या फटकळपणाबद्दल बोलल्या, नळाला पाणी कमी येते त्याबद्दल बोलल्या. मी मुलीला मांडीवर घेऊन बसलो होतो. तिचे वजन नेहमीप्रमाणे माझ्या डाव्या हातावर कलत होते, मी तिला सावरत होतो, ती पुन्हा कलत होती. इतका वेळ तोंड मिटून बसण्याचा प्रसंग माझ्यावर क्वचितच आला असेल.

चादरीचे एक टोक धरलेल्या आईचे हात थांबले. ती माझ्या मुलीकडे पाहू लागली.

"तिला असं धरू नका," ती मला म्हणाली. "रात्री पाठ दुखेल तिची. रडेल."

"रडते," मी म्हणालो.

ती उठली. खुर्चीवरचे कपडे एकेक उचलून तिने पलंगावर ठेवले. तळाशी एक छोटा पिवळा स्वेटर होता. तो मात्र तिने खांद्यावर टाकला. माझ्या हातातून मुलीला घेऊन तिने खुर्चीत बसवले, कुशीच्या गाद्या दाबून पाहिल्या, छातीवरचा पट्टा लावला. "पट्टा आधी खालचा लावायचा, मग वरचा. उलट केलंत तर ती पुढे सरकते. आणि डावं चाक उंबऱ्यावर अडतं, तिथे थोडं मागे घ्यायचं."

मुलगी ताठ बसली. खिडकीतून खालचा रस्ता पाहू लागली.

"कुत्रं आहे खाली," तिने सांगितले.

"रोज असतं," आई म्हणाली. "त्याचा एक कान तुटलाय. बघ, दिसतो का."

त्या दोघी कुत्र्याविषयी बोलत राहिल्या. कंडक्टरबाई भिंतीकडे तोंड करून एकाच टॉवेलची पुन्हा पुन्हा घडी घालीत होत्या. खुर्ची जिन्यावरून खाली नेताना पुढची बाजू मी धरली होती, मागची त्या आईने. निरोप घेताना तिने मुलीची पाठ नव्हे, खुर्चीचा दांडा थोपटला, आणि विचारले, "शनिवारी पट्टे बघायला येऊ का? पहिल्या आठवड्यात ते सैल होतात."

"या की," बाई म्हणाल्या. "या अर्जवाल्यांना पट्टे जमणार नाहीत. ते आधी पोच मागतील."

सत्राच्या पहिल्या दिवशी माझी मुलगी वर्गात बसली. ती आई आता प्रत्येक शनिवारी खोलीत असते आणि नव्या पालकांना पट्टे लावायला शिकवते. परंतु बसायला जागा नसलेली मुले त्या खोलीत दर आठवड्याला येतात, आणि त्यांच्या मापाच्या खुर्च्या गावभर माळ्यांवर, गॅलऱ्यांत, पलंगांखाली पडून आहेत. कार्यालयाकडून मला आता अपेक्षा नाही, तुमच्याकडून आहे.

ज्यांच्या घरी मुलाला अपुरी पडलेली खुर्ची, चौकट वा पट्टा पडून असेल, त्यांनी तो येत्या शनिवारी डेपोतल्या खोलीत आणावा. कुणाच्या हाती धाडू नये. स्वतः यावे आणि कोणता पट्टा आधी लावायचा ते पुढच्याला सांगावे. ज्यांना देववत नसेल त्यांनी तसे कळवावे. आम्ही घड्या घालायला येऊ.