आज फायरिंग भेटली

'फायरिंग' शब्द ऐकला की आजही माझं डोकं फिरतं. तालुक्याच्या बैठकीत साहेब आम्हा ग्रामसेवकांना एकेकाला उभं करून वाट्टेल ते बोलायचे. मंग राजूरच्या फाट्यावर चहा पिताना आम्ही निर्लज्जासारखे हसत सांगायचो, "आज मला फायरिंग भेटली."

एकदा गावात परतताच तो सगळा राग मी नळाला पाणी सोडणाऱ्या काकांवर काढला, भर चौकात. वडिलांच्या वयाचा माणूस मान खाली घालून ऐकत राह्यला. दुसऱ्या दिवशी ते आले न्हाईत, म्हणून त्यांच्या घरी गेलो. काकू दारातच कडाडल्या, "चार माणसांत ह्यांची इज्जत काढली तुम्ही. आता कशाला आले?"

इज्जत काढली. इतक्या वर्षांत साहेबांना हे तोंडावर सांगणारा आमच्यात एकही निघाला न्हाई.