सुलूचं लग्न कोणी लावून दिलं?

सुलूचं लग्न प्रकाशच्या काकांनी लावून दिलेलं नाही.

हे आज सगळ्यांदेखत लिहून राहिले. कारण काल नांदेडला घाटावर सुलूला शेवटचा निरोप देताना काकांच्या मुलाने माईक हातात घेऊन सांगितलं, "भूकंपात सगळं गमावलेल्या एका अनाथ मुलीला आमच्या वडिलांनी पदरात घेतलं. थाटात लग्न लावून दिलं."

लोकांनी माना डोलावल्या.

समोर तिचे विद्यार्थी उभे होते. लातूरच्या क्लासपासूनचे. अर्धे आज डॉक्टर आहेत. सुलभा मॅडमकडे बायोलॉजी शिकले, पण मॅडमचं लग्न कसं झालं ते त्यांना कुठून माहीत असणार?

मला माहीत आहे. मी त्या लग्नाची साक्षीदार आहे.

भूकंप झाला तेव्हा सुलू आणि मी लातूरच्या होस्टेलवर रूम पार्टनर होतो. बारावीला. ती होस्टेलवर होती म्हणून वाचली. आई, वडील, दोन भाऊ, सगळे गावातल्या घरात झोपलेले होते.

नंतर ती शिकली, क्लासमध्ये शिकवायला लागली. तिथंच फिजिक्स शिकवणारा प्रकाश भेटला. दोघांनी ठरवलं.

प्रकाशला वडील नव्हते, घरात शब्द काकांचा. काका पुढारी माणूस. ते म्हणाले, लग्न आम्ही करू, मोठ्या मंगल कार्यालयात. मंत्र्यांना बोलावू, पेपरवाल्यांना बोलावू. 'भूकंपग्रस्त कन्येचा विवाह' असा मथळासुद्धा त्यांनी ठरवून ठेवला होता.

सुलू शांतपणे म्हणाली, "काका, मी भूकंपग्रस्त म्हणून लग्न करून नाही राहिले. प्रकाश आवडतो म्हणून करते."

काका उठून गेले.

रूमवर आल्यावर तिने मला खरं कारण सांगितलं. "रुबी, एवढ्या मोठ्या हॉलमध्ये मुलीकडच्या खुर्च्या रिकाम्या दिसतील. मला ते बघवणार नाही. हॉटेलात करू. जेवढी माणसं तेवढ्याच खुर्च्या."

म्हणून रजिस्टर लग्न, आणि संध्याकाळी हॉटेलात जेवण. पैसे वाचवायचे म्हणून नाही. पैसे नव्हते हेही खरं, पण साधं म्हणजे गबाळं, हे तिला मान्यच नव्हतं.

प्रकाशकडच्यांना हा अपमान वाटला. पळून गेल्यासारखं लग्न, म्हणाले. मुलीत काहीतरी खोट असेल, असंही कोणीतरी म्हणालं.

लग्नाच्या नोंदणी ऑफिसात नोटीस लागली तर काकांनी लेखी हरकत घेतली. काय हरकत? मुलीच्या वयाचा पुरावा नाही!

गावची शाळा पडलेली. दाखला, दहावीचं सर्टिफिकेट, सगळं ढिगाऱ्यात. हे काकांना पक्कं माहीत होतं. मदतीच्या ट्रकसोबत तेच तर गावात फोटो काढून आले होते.

साहेबांनी सुलूला बोलावलं. मी सोबत होते. वय सांगू शकेल असं माहेरचं कोणी आहे का, त्यांनी विचारलं.

सुलू म्हणाली, "होते साहेब. ढिगाऱ्यातून काढल्यावर त्यांची ओळख मीच पटवली."

साहेबांनी हरकतीचा कागद बाजूला ठेवला. मग म्हणाले, दहावीच्या सर्टिफिकेटची दुसरी प्रत आणा, मी बघतो.

बोर्डात खेटे घालून आम्ही ती आणली. हरकत निकालात निघाली. पण ते एक वाक्य तिला बोलावं लागलं. त्याची माफी आजपर्यंत कोणी मागितलेली नाही.

आणि लग्न? लई देखणं झालं.

माझे अब्बा नांदेडला टेलर. त्यांनी तिच्या मोरपंखी इरकलवर बोट नेकचं ब्लाउज शिवलं, प्रकाशला बंद गळ्याचा कोट. हॉटेलच्या टेबलक्लॉथवर हळदीचे डाग होते, तर अम्मीने आणि मी पांढरं मांजरपाट आणून नवे शिवले. पाण्याच्या ग्लासांत निशिगंधाच्या काड्या. पत्रिका नाही, सुलूने स्वतःच्या अक्षरात पोस्टकार्डं लिहिली. आहेर नाही, भाषण नाही. सूप, पनीर, जिरा राईस, गरम गुलाबजामवर आईस्क्रीम.

काकांच्या घरचं कोणी आलं नाही. प्रकाशची आई आली. एकटी, रिक्षाने. सुलूच्या शेजारी बसून पोटभर जेवली.

खुर्ची एकही रिकामी नव्हती. सुलू सारखी वळून बघायची. मी विचारलं, काय बघतेस? म्हणाली, "काही नाही. भरलंय ना, ते बघते."

पुढे क्लास मोठा झाला, नांदेडला स्वतःचा झाला, नाव झालं. मग काकांना सून आठवली. आणि आता, ती उत्तर द्यायला नाही म्हटल्यावर, त्यांच्या मुलाला माईक सापडला.

घाटावर निघण्याआधी घरी जे झालं ते सांगून थांबते.

सवाष्ण गेली की माहेरची साडी नेसवतात. कोणीतरी विचारलं, माहेरचं कोण आहे?  काकांच्या मुलाची बायको साडीची पिशवी घेऊन पुढे आली, म्हणाली, आम्हीच करतो ना.

मीही साडी आणली होती. हिरवी. पण दारातच उभी होते. मागून एक बाई कुजबुजली, हिला कसं चालेल?

प्रकाश तिच्या उशाशी बसला होता.  त्याने मान वर केली.

"रुबीनाला पुढे येऊ द्या. सुलूचं माहेर ते आहे."

बायकांनी वाट दिली.

मी साडी नेसवली. निऱ्या नीट घातल्या. तिला चुरगळलेलं आवडायचं नाही.

सुलू, तुझ्या माहेरचा शेवटचा सलाम घे.