आलेल्याचं काम झालं पाहिजे

त्या दुपारी नागपूरच्या मिहानमधल्या आमच्या ऑफिसात मीटिंग चालली होती. एका ग्राहकाच्या वेबसाइटवर लोक जास्त वेळ कसे थांबतील, हा विषय होता. कुणी म्हणत होतं व्हिडिओ घाला, कुणी म्हणत होतं एखादा खेळ ठेवा... आणि मी माझ्या सासूबाईंचं एक वाक्य आठवून मनातल्या मनात हसत होतो. "त्याचं काम झालं ना? मग जाऊ दे त्याले आपल्या घरी!" तेवढ्यात माझ्या बायकोचा, स्वातीचा, फोन आला. तिचा आवाज शांत होता. "आई गेली रे. जेवली, दिवाणावर आडवी झाली, आणि उठलीच नाही." मी लॅपटॉप तसाच उघडा टाकून निघालो. सासूबाईंच्या मानेवाड्याच्या घरापर्यंत गाडी चालवताना मला रडू आलं नाही, ते नंतर आलं. त्या रस्त्यावर माझ्या कानात फक्त त्यांचा आवाज होता, आणि तो आवाज मला मिळायला किती वर्षं लागली होती, ते आठवत होतं.

माझ्या सासूबाई सुमनताई मूळच्या भिवापूरच्या. तरुणपणी नागपूरला टेलिफोन खात्यात लागल्या आणि बरीच वर्षं चौकशीच्या टेबलावर होत्या. लोक फोन करून नंबर विचारायचे, दवाखान्याचा, शाळेचा, हरवलेल्या मेहुण्याचा, आणि त्या शोधून सांगायच्या. त्या कामात त्यांचा एक खास आवाज घडला होता. स्वच्छ, पुस्तकी, गोड आणि अगदी परका. घरात, शेजारात, भिवापूरच्या बहिणीशी त्या गावच्या बोलीत खळखळून बोलायच्या. माझ्याशी मात्र चौकशीच्या टेबलावरून. स्वातीनं माझ्याशी आपल्या पसंतीनं लग्न केलं होतं आणि ते त्यांना रुचलं नव्हतं. "कॉम्प्युटरवर चित्रं काढतो म्हणजे नेमकं करतो काय वं हा?" असं त्यांनी लेकीला विचारलं होतं म्हणे. मला कधी वावगं बोलल्या नाहीत. ताटात चौथी पोळी आग्रहानं वाढायच्या, दिवाळीला माझ्या मापाचा शर्ट आणायच्या, आणि म्हणायच्या, "जावईबापू, आपण चहा घेणार का?" मी स्वातीला म्हणायचो, तुझ्या आईनं मला लग्नापासून होल्डवर ठेवलंय.

मग त्यांचा मिक्सर बिघडला. स्वातीच्या जन्माआधीचा, जड, पांढऱ्याचा पिवळा झालेला. दुकानदार म्हणाला, टाकून द्या, नवीन घ्या. सासूबाईंना ते पटेना. त्या इतवारीच्या गल्ल्यांत विचारत विचारत हिंडल्या आणि एका जिन्याखाली बसणारा मिस्त्री त्यांनी हुडकून काढला. त्यानं तिथल्या तिथे मिक्सर चालू करून दिला. ही बातमी कॉलनीत पसरली. कुणी कुकरचं हँडल घेऊन आलं, कुणी सुटकेसची चेन, कुणी आजोबांचा रेडिओ. हे कुठे दुरुस्त होईल हो, ताई? निवृत्तीनंतर मोकळ्या बसलेल्या बाईला पुन्हा चौकशीचं टेबल मिळालं. त्या गल्लोगल्ली जाऊन माणसं शोधू लागल्या. आणि एका रविवारी, आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच, त्यांनी माझ्याकडे काहीतरी मागितलं. "जावईबापू, आपण ती इंटरनेटवरची पानं बनवता ना? मला एक पान हवं आहे. नागपुरात काय कुठे दुरुस्त होतं, त्याचं."

मी जीव ओतून काम केलं. सासूबाईंना दाखवून द्यायची संधी होती ना! वर सरकणारे मोठे फोटो, हळूच उमलत येणारी अक्षरं, 'सुस्वागतम्', मग सुमनताईंचा परिचय, मग आमचं ध्येय. त्यांनी चष्मा लावला, सगळं नीट पाहिलं आणि त्याच आवाजात म्हणाल्या, "फार सुंदर झालं आहे." मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय. त्यांनी विचारलं, "यात मिक्सर कुठे आहे?" आणि मग शेजारच्या लीलाबाईंना हाक मारली. लीलाबाईंची छत्री मोडली होती. त्यांच्या हातात फोन दिला आणि सांगितलं, छत्री कुठे सुधरते ते शोधा. आम्ही दोघं मागे उभे. लीलाबाईंनी फोटोवर बोट ठेवलं, फोटो सरकून गेला. पुन्हा ठेवलं, पुन्हा गेला. "अवं बाई, हे तं हालूनच राहिलं!" मी पुढे होऊन दाखवायला गेलो, तर सासूबाईंनी माझं मनगट धरलं. "थांबा. दाखवायले तुम्ही काय घरोघरी जाणार आहात?"

दाखवायले! तो गावच्या बोलीतला 'ले' त्यांच्या तोंडून निसटला होता. त्यांच्याही ध्यानात आलं असावं, कारण लगेच पदर सावरून त्या चहाला उठल्या. मला मात्र पान नापास झाल्याचं दुःख होण्याऐवजी उगाचच बरं वाटत राहिलं. चहा घेताना त्यांनी मला त्यांच्या कामाची रीत सांगितली. फोन उचलला की नमस्कार म्हणायचं आणि लगेच विचारायचं, कोणता नंबर हवाय. विचारणारा माणूस घाईत असतो, कधी घाबरलेला असतो. त्याला खात्याचा इतिहास नको असतो. मी ती सगळी सजावट काढली. वर एकच प्रश्न ठेवला, 'काय बिघडलंय?', आणि खाली वस्तूंची मोठ्या अक्षरांतली नावं.

पण त्यांचंच सगळं खरं ठरलं असं नाही. त्यांना नावं पुस्तकी हवी होती. 'विद्युत उपकरणे', 'पाकसाधने'. मी म्हटलं, आई, असं कुणी शोधत नाही. लोक मिक्सी लिहितात, मिक्चर लिहितात, इंग्रजी अक्षरांत लिहितात. त्या रागावल्या. मराठी शाळेत शिकवलेलं सगळं पाण्यात घालायचं का, म्हणाल्या. दोन दिवस पान अडून राहिलं. मग त्यांनी स्वतःच फोन करून सांगितलं, "आमच्या टेबलावरही लोक सरकारी रुग्णालयाला 'मेयो' म्हणायचे, 'मोठा दवाखाना' म्हणायचे. आम्ही समजून घ्यायचोच की. टाका मिक्चर." दुकानांचे फोटोही त्यांना नको होते, मिरवल्यासारखं वाटतं म्हणून. मी हट्टानं घातले. जिन्याखालचा मिस्त्री, त्याच्या मागचा निळा दरवाजा, शेजारची पिठाची गिरणी. लोक फोटो पाहून थेट पोचायला लागले, तेव्हा त्यांनी ते मान्य केलं. आम्ही असे भांडत भांडत ते पान घडवत होतो आणि रविवार कसा जायचा ते कळत नव्हतं. स्वाती आतून म्हणायची, "मी माहेरी आली का सासरी, तेच समजत नाही."

जे खरं घडलं ते पुढच्या उन्हाळ्यात. लग्नसराई जोरात होती. मी ऑफिसात होतो आणि सासूबाईंचा फोन आला. त्यांनी मला ऑफिसात कधीच फोन केला नव्हता. नमस्कार नाही, जावईबापू नाही. "लवकर ये गा. आपल्या पानानं एका बाईले खोटं सांगतलं." आवाज कापत होता. मी गाडी काढली. घरी पोचलो तर ओसरीवर शिलाई मशीनचं डोकं चादरीत गुंडाळून ठेवलेलं आणि शेजारी एक बाई घाम पुसत बसलेली. मंदाबाई, काटोलच्या. घरी एकट्या कमावत्या, शिवणावर घर चालवणाऱ्या. दोन लग्नांच्या ब्लाउजांचं काम अंगावर होतं आणि मशीन अडली होती. आमचं पान बघून त्या सकाळच्या बसनं, ते ओझं मांडीवर घेऊन आल्या होत्या. महाल भागातल्या ज्या कारागिराचं नाव आम्ही दिलं होतं, तो केव्हाच दुकान बंद करून लेकाकडे राहायला गेला होता. आम्हाला त्याची खबरच नव्हती. पानावर सासूबाईंचा नंबर होता म्हणून मंदाबाई निदान घरापर्यंत आल्या.

सासूबाईंनी त्यांना जेवू घातलं होतं, पण स्वतः घासही घेतला नव्हता. "ते बिचारी आपल्या भरोशावर आली," त्या मला म्हणाल्या, "अन् आपण मेलेला नंबर देऊन ठेवला. नोकरीत असं मी कधी केलं नाही गा." मी म्हटलं, आई, रडू नका, आपण शोधू. आणि आम्ही तिघं निघालो. मागच्या सीटवर मशीन आणि मंदाबाई, पुढे सासूबाई खिडकीतून मान काढून विचारत. "भाऊ, इथं शिलाई मशीन कोण सुधरवते?" एकानं दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे. ऊन असं की स्टिअरिंग धरवत नव्हतं. शेवटी गांधीबागेच्या एका बोळात एक म्हातारा सापडला. त्यानं मशीन उघडली, तेल दिलं, कुठला तरी बारीक भाग काढून दुसरा बसवला आणि चाक फिरवलं. तो टकटक आवाज सुरू झाला तेव्हा मंदाबाई हसल्या आणि सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले. आम्ही मंदाबाईंना बसमध्ये बसवून दिलं. परतताना सासूबाई म्हणाल्या, "भूक लागली असन तुले. चाल, आधी काही खाऊ." मी गाडी बाजूला घेतली. रस्त्याकडेच्या ठेल्यावर उभं राहून आम्ही तर्रीपोहे खाल्ले आणि त्या इतकं बोलल्या, इतकं बोलल्या... भिवापूरच्या मिरचीच्या वावरातलं बालपण, पहिल्या नोकरीची भीती, माझ्या सासऱ्यांचं अचानक जाणं. त्या दिवसानंतर त्यांनी मला कधी 'तुम्ही' म्हटलं नाही. मंदाबाईंनी पुढे नुसत्या नजरेच्या मापानं शिवून एक ब्लाउज पाठवला. तो दंडात घट्ट होता. सासूबाई तो दर सणाला घालायच्या आणि दिवसभर हात अवघडून धरायच्या.

मशीनच्या त्या प्रसंगानं पान बदललं. प्रत्येक नावाखाली एक ओळ आली, शेवटची विचारपूस कधी झाली त्याची. ती विचारपूस त्या स्वतः करायच्या. गुडघे गेले, मग हृदयाचं दुखणं मागे लागलं, गल्ल्या हिंडणं थांबलं, पण दिवाणावर बसून फोन चालायचे. कारागीर त्यांना सगळं सांगायचे, आणि त्यातलं लोकांच्या कामाचं त्या दोन ओळींत पानावर घालायला लावायच्या. नातीचं लग्न आहे, शुक्रवारपर्यंत दुकान बंद. डोळ्याचं ऑपरेशन झालं, आता बारीक कामही घेतात. आणि कधी स्पष्टच, 'ही वस्तू दुरुस्त होत नाही, उगीच पायपीट करू नका.' लोक काही बिघडलेलं नसतानाही ते वाचायला येऊ लागले. लीलाबाई तर पेपराआधी ते पान उघडायच्या. लोकांना परत परत यावंसं कशानं वाटतं, यावर माझ्या धंद्यात पुष्कळ बोललं जातं. मी ते त्यांच्या दिवाणापाशी बसून शिकलो. पलीकडे कुणीतरी जागं आहे, आणि ते आपल्याला खरं सांगतंय, एवढं कळलं की माणूस येतो.

शेवटच्या रविवारीही आमचं पानाचंच बोलणं झालं. भिवापूरच्या मावशींकडे रेंज कमी, तिथे फोटो उघडायला वेळ लागतो, अशी तक्रार होती. मी तिथेच बसून सगळे फोटो हलके केले. त्यांनी मावशींना फोन लावला, उघडायला लावलं, आणि रिसीव्हर धरावा तसा मोबाइल कानाला धरून ऐकत राहिल्या. मग माझ्याकडे पाहून मान हलवली. "उघडलं म्हणते. बस, झालं. जेवून घे आता."

त्या गेल्यावर मी त्यांचा मोठा फोटो पानाच्या माथ्यावर लावला, खाली चार ओळी लिहिल्या. स्वातीनं ते पाहिलं आणि बोटानं पान खाली सरकवत यादीपर्यंत नेलं. मग म्हणाली, "ज्याचा पंखा बंद पडलाय, त्याला आधी आईचा फोटो ओलांडून जावं लागेल. आईला चालेल का?" आम्ही फोटो तळाशी नेला. तेरवीला कितीतरी कारागीर आले होते. बरेचजण फोनवरच जोडले गेलेले, ते त्यांना पहिल्यांदाच बघत होते, तेही फोटोत. आवाजानं मात्र सगळे ओळखत होते.

त्या गर्दीत सासूबाईंच्या ओसरीवरची वेताची खुर्ची बसकणीत फाटली. परवा मी ती दुरुस्त करायला घेतली आणि सहज फोन काढून आमचंच पान उघडलं, पहिल्यांदाच कशाची तरी गरज पडून. काय बिघडलंय? खुर्ची. देवाजी, वेतकाम, घरी येऊन विणून देतात, हाक मोठ्यानं मारावी, कानानं कमी आहेत. मी फोन केला, मोठ्यानं बोललो. देवाजी दुसऱ्या दिवशी वेताची भेंडोळी खांद्यावर टाकून आले. ओसरीवर मांडी घालून त्यांनी ओल्या वेताच्या पट्ट्या एकीखालून एक ओढायला सुरुवात केली. काम करता करता म्हणाले, "ताईचा फोन यायचा बाप्पा. लय विचारपूस करायच्या. आता कोण विचारन?"

"मी विचारीन," स्वाती म्हणाली. ऐकू गेलं नाही, म्हणून जरा मोठ्यानं, स्वच्छ आवाजात पुन्हा म्हणाली, "मी विचारीन हो, काका."

देवाजींनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि मान डोलावली. "मंग लिहून घे पोरी. पुढच्या आठवड्यात मी रामटेकले राहीन, बहिणीकडे. कोणाची फेरी वाया नको जायले."

स्वातीनं तिथेच उभ्यानं ते पानावर घातलं. देवाजींनी शेवटची गाठ मारली, तळहातानं बसकण दाबून पाहिली आणि खुर्ची भिंतीशी सरकवली. नव्या वेताचा ओला वास ओसरीभर होता. संध्याकाळी लीलाबाई आल्या, काही न विचारता त्या खुर्चीत बसल्या आणि फोन काढून वाचायला लागल्या. "अवं, देवाजी रामटेकले चालले वाटते," त्या म्हणाल्या, आणि स्वाती चहा टाकायला आत गेली.