पन्नास माणसांची छोटी गाडी

चार माणसांची गाडी पन्नास माणसांची समजून चालवणारा माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात एकच, आणि तो म्हणजे माझे मामा. सख्खे नव्हेत, आईचे मावसभाऊ. पेणला आमच्या घरामागेच त्यांचं घर. हयात सगळी एसटीच्या स्टिअरिंगमागे गेलेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी, पांढरी, छोटी गाडी घेतली, पण एसटी काही त्यांच्या अंगातून उतरली नाही. डावीकडे वळायचं तर आधी गाडी पार उजव्या अंगाला न्यायची, कारण आपल्या मागे लांबलचक बस आहे हे त्यांनी मनात पक्कं धरलेलं. आमच्या आळीत त्यांनी असं वळण घेतलं की समोरचा दुचाकीवाला थेट गणपतीच्या कारखान्यात शिरायचा. रस्त्यात एसटीचा थांबा दिसला की पाय आपोआप ब्रेकवर. एकदा एक म्हातारी खरंच आत येऊन बसली, तर मामा तिला वडखळला उतरवून आले.

सगळ्यात कहर म्हणजे डबल बेल. एसटीत कंडक्टरने दोनदा घंटी दिली की गाडी हलते. मामांना त्याशिवाय पहिला गिअर टाकताच येत नसे. म्हणून मामी मागच्या सीटवर बसत आणि हातातल्या किल्ल्या काचेवर दोनदा वाजवत. पुढची सीट रिकामी असली तरी मामी मागेच. पुढे कुठे कंडक्टर बसतो का, असं मामांचं म्हणणं, आणि मामींनाही ते पटलेलं. मूलबाळ नव्हतं, दोघंच फिरायची. मग मामी गेल्या आणि गाडी अंगणात उभी राहिली ती राहिलीच. मामा ती रोज पुसायचे, पण दोन पावसाळे त्यांनी ती जागची हलवली नाही.

मी अठरा वर्षांची झाले तेव्हा आईने मला त्यांच्याकडे गाडी शिकायला धाडलं. बाबा डोलवीला कंपनीत, शिफ्ट संपली की घरी येऊन झोपायचे, त्यामुळे दुसरं शिकवणार कोण, हे कारण खोटं नव्हतं. मामांशी बोलायला घरात कुणीच उरलं नाही, हे खरं कारण आईने फार पुढे सांगितलं. पहिले आठ दिवस मामांनी इंजिन सुरूच करू दिलं नाही. बंद गाडीत डोळे मिटून बसायचं आणि ते म्हणतील तो गिअर टाकायचा. नवव्या दिवशी गाडी सुरू झाली आणि चार हात जाऊन आचके देत बंद पडली, ती त्या संध्याकाळी चौदा वेळा. मामा एकदाही चिडले नाहीत. "पाव्हण्याला दारापर्यंत सोडतो ना, तसा क्लच सोडायचा गो. घाई करायची नाय," एवढंच म्हणायचे. डबल बेल आता ते स्वतःच डॅशबोर्डवर बोटांनी वाजवत, आणि वाजवली की क्षणभर मागच्या सीटकडे बघत.

तीन महिन्यांत गाडी येऊ लागली, लायसन्सही मिळालं. मामांच्या मते मात्र मी कच्चीच. आधी रिव्हर्स कच्चा, मग चढावर थांबवणं कच्चं. शेवटी त्यांनी परीक्षाच काढली. आळीतल्या कारखान्यातली शाडूची मूर्ती रोह्याला एका घरी पोचवायची होती. ती मागच्या सीटवर ठेवून मी न्यायची; एक बोट तुटलं तरी नापास. खड्डा दिसला की मी दुसऱ्या गिअरवर, असं करत नागोठणं गेलं, रोहा आलं. मामांनी चष्मा लावून चारही हातांची बोटं, सोंड, कान, उंदराची शेपटीसुद्धा तपासली. काहीच तुटलं नव्हतं. विद्यार्थिनी पास झाल्यावर इतकं पडलेलं तोंड मी कुठल्याच मास्तरांचं पाहिलं नाही.

कुंडलिकेच्या काठी चहाला थांबलो. "शिकलीस तू," मामा म्हणाले. "आता संध्याकाळचं मी काय करू, ता सांग."

मी अठरा वर्षांची. दर रविवारी येईन की, असं म्हणून मोकळी झाले. दोनदा गेले. मग पुण्याला कॉलेज आलं, मग नोकरी.

गेल्या दिवाळीत फराळाचा डबा घेऊन गेले, तर घरात कुणी नाही. मामा अंगणात गाडीत बसलेले, डाव्या सीटवर, पट्टा लावून. उजवीकडचं दार उघडं. साडेपाच वाजले होते, म्हणजे आमच्या शिकवणीची वेळ. आता कुणी शिकायला येत नाही, सगळ्यांना बिनगिअरची गाडी हवी, एवढं आईने फोनवर सांगितलं होतं. हे नव्हतं सांगितलं. मला पाहून ते ओशाळले. गाडी बंद राहून खराब होते म्हणून जरा बसतो, असं काहीतरी म्हणाले. मी डबा मागे ठेवला, स्टिअरिंगवर बसले आणि रोह्यापर्यंत जाऊन येऊ म्हटलं.

वाटभर मामा बोलत होते. मी तिसऱ्याच्या वर गिअर टाकला नाही आणि त्यांनीही, आयुष्यात पहिल्यांदाच, मला टोकलं नाही. तरी रोहा आलंच.

"उद्या जाशील ना गो पुण्याला?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. दर रविवारी येईन, असं म्हणायची या वेळी मला लाज वाटली.