पिल्लू उडेपर्यंत

बायको गेली ती संक्रांतीनंतरच्या आठवड्यात. तेराव्याचं जेवण झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले आणि घरात मी आणि माझ्या सासूबाई असे दोघंच उरलो. मी त्यांना मामी म्हणतो. त्या निमगाव केतकीच्या. लेकीच्या आजारपणात मदतीला म्हणून दिवाळीआधी बारामतीला आल्या होत्या. आता करायचं काही उरलं नव्हतं, तरी गेल्या नाहीत. मी जा म्हणालो नाही, राहा असंही म्हणालो नाही. आम्हाला मूलबाळ नाही.

माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी येतात. जुनी तार काढायची, नवी भरायची. त्या दिवसांत सकाळी आठला जात होतो, संध्याकाळी परत येत होतो. मधे काय केलं हे कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. हात आपले आपण वेढे घालत होते. घरी मामी ताट वाढायच्या, मी जेवायचो. मीठ कमी आहे का जास्त, कळत नव्हतं. तिचं नाव आम्ही दोघंही काढत नव्हतो.

फेब्रुवारीच्या शेवटी एका सकाळी टाकी भरली का बघायला गच्चीवर गेलो. मागून कुणी फळी मारावी तसा डोक्यात फटका बसला. वळून पाहिलं तर घार. शेजारच्यांच्या टीव्हीच्या डिशवर जाऊन बसली आणि लांबट शीळ घालत माझ्याकडे बघत राहिली. मी टाकीत डोकावलो, झाकण लावलं आणि खाली आलो.

"अवो, रगात!" मामी म्हणाल्या.

सदऱ्याची कॉलर भिजली होती. खरं सांगतो, मला दुखत नव्हतं. मामींनी मला स्टुलावर बसवलं, केस बाजूला करून हळद दाबली, आणि मी समोरच्या कॅलेंडरवरचे चौकोन बघत बसलो.

दुपारी मामी स्वतः जिन्याने वर गेल्या आणि दारात उभं राहून त्यांनी शोधून काढलं. घरामागच्या कडुलिंबावर, गच्चीच्या कठड्यापासून पुरुषभर वर, फांद्यांच्या दुबेळक्यात घरटं होतं. इतके दिवस ते आमच्या नजरेला कसं पडलं नाही, कोण जाणे.

"अंडी असत्याल तिची," मामी म्हणाल्या. "उगं न्हाय मारत ती."

त्यानंतर गच्चीवर जाताना मी हेल्मेट घालायला लागलो. कपडे वाळत घालायचे तरी हेल्मेट. गल्लीतले लोक हसायचे. मामी डोक्यावर पाटी पालथी धरून जायच्या. शेजारचे म्हणाले, माणूस बोलवून घरटं पाडून टाका, अंगावर येतंय म्हणजे काय. मी बरं म्हणालो आणि काहीच केलं नाही. त्याला काही कारण नव्हतं. माणूस शोधायचा, त्याला फोन करायचा, एवढंसुद्धा माझ्याच्यानं होत नव्हतं.

मार्चमध्ये पिल्लं निघाली. दोन. मामी जिन्याच्या वरच्या पायरीवर गोणपाट टाकून बसायच्या आणि दाराच्या फटीतून बघायच्या. मी जेवायला बसलो की सांगायच्या. नर बाहेरून आणतो, उंदीर म्हणा, कालव्यातला मासा म्हणा, चिकनवाल्याच्या दुकानामागची आतडी म्हणा. घरट्यावर टाकतो आणि निघून जातो. मादी त्याचे बारीक बारीक तुकडे करते, एकेक चोचीत धरून वाट बघते. स्वतः शेवटी खाते. उन्हात पंख पसरून तशीच उभी राहते, सावली धरून. मी मान हलवत होतो. घरात एवढं बोलणं बऱ्याच महिन्यांनी होत होतं, हे त्या वेळी माझ्या लक्षातही आलं नाही.

"थोरलं लई दांडगं हाय," एक दिवस त्या म्हणाल्या. "धाकट्याच्या डोक्यात टोचतंय. ती बाई बघती, पर सोडवत न्हाय."

एप्रिलच्या सुरुवातीला दुपारी त्यांनी दुकानात फोन केला. धाकटं गच्चीत पडलं होतं. मी हातातलं काम ठेवून आलो. मामींनी त्याच्यावर पाटी झाकून ठेवली होती आणि दोन्ही घारी वरून घिरट्या घालत ओरडत होत्या. पाटी उचलली. कोंबडीच्या पिल्लापेक्षा थोडं मोठं, पांढुरकी लव, मधेमधे तपकिरी पिसांची खुंटं. मान धरवत नव्हती. मी हातात घेतलं तर पोट गरम होतं आणि इतकं हलकं, की आत काही आहे की नाही असं वाटावं.

शिडी कठड्याला लावून मी लिंबावर चढलो. हेल्मेटवर दोनदा टक टक आवाज झाला, एकदा सदऱ्याचा खांदा फाटला. घरट्यात काटक्या, चिंध्या, सुतळी, प्लास्टिकची पिशवी, आणि कोपऱ्यात माशाचं डोकं. थोरलं माझ्यावर पंख पसरून आलं. धाकट्याला त्याच्यापासून जमेल तेवढं लांब ठेवलं आणि उतरलो.

तिसऱ्या दिवशी ते मेलं. घरट्याच्या कडेला त्याचा पंख लोंबत होता. मादी थोरल्याला भरवत होती.

त्या दिवशी जेवताना मामींनी भाकरी माझ्या ताटात टाकली आणि तिथंच बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "आपुन परत ठिवलं म्हून काय जगतंय व्हय? तिला बी आपुन त्या मोठ्या दवाखान्यात न्हेलंच की."

तेराव्यानंतर घरात तिच्याबद्दल बोललेलं ते पहिलं वाक्य. मी भाकरी मोडली, कालवणात बुडवली आणि खाल्ली. मामी उठून भांडी घासायला गेल्या. बराच वेळ नळ वाहत होता.

मेव्हण्याचे फोन त्याआधीपासून येत होते. त्याची निमगावला डाळिंबाची बाग आहे, माणूस चांगला. त्याचं म्हणणंही वावगं नव्हतं. लेक राहिली नाही, मग आईनं जावयाच्या घरी किती दिवस राहायचं? लोक विचारतात. मामी फोन स्पीकरवर ठेवून भाजी निवडत बसायच्या.

"आई, रविवारी गाडी घिऊन येतो."

"ह्या रविवारी नगं."

"मग कवा?"

मामींनी छताकडं पाहिलं. "ते पिल्लू उडू दे. मग येते."

"कसलं पिल्लू?"

"घारीचं हाय एक हितं."

"बरं," तो म्हणाला.

थोरलं मे महिन्यात उडालं. मी हेल्मेट घालून दोरीवरचे कपडे काढत होतो आणि मामी दारात होत्या. आदल्या आठवडाभर ते फांदीवर येऊन पंख झाडत होतं. त्या सकाळी झाडता झाडता फांदी सुटली, खाली गेलं, मग वर आलं, आणि समोरच्या विजेच्या खांबावर जाऊन बसलं. बसता बसता तोल जात होता. मादी त्याच्या वरून एक फेरी मारून गेली. एवढंच. मामी पाटी खाली ठेवून बघत राहिल्या, मी कपड्यांच्या घड्या केल्या.

दुपारी त्यांच्या मुलाचा फोन आला. मी घरातच होतो.

"न्हाय रं," मामी म्हणाल्या. "अजून बसूनच हाय."

संध्याकाळी त्यानं मला फोन केला. "दाजी, खरं सांगा. उडलं का न्हाय ते?"

मी म्हणालो, "पंख अजून नीट भरले नाहीत त्याचे."

हे मी का म्हणालो, ते मला आजही नीट सांगता येत नाही. काही वाटून म्हणालो असं नाही. तोंडातून गेलं. मामी आतून ऐकत होत्या. सकाळी त्यांनी चहात आलं घातलं, आणि आलं घातलंय हे मला कळलं.

जूनमध्ये मेव्हणा जळालेली मोटार घेऊन पिकअपमधून आला. मोटार उतरवली, हातपाय धुतले आणि सरळ गच्चीवर गेला. खाली आला तेव्हा मामी चहा गाळत होत्या.

"आई, घरटं तर रिकामं हाय."

"भायेर गेलंय. दिवस मावळायला येतंय."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी मोटारीच्या झाकणाचे बोल्ट सोडवत होतो. तो बराच वेळ बशीतला चहा फुंकत राहिला.

"मोटार कवा मिळंल?"

"परवा."

"मग परवा येतो," तो म्हणाला. ठरल्या दिवशी तो आला, मोटार घेऊन गेला. जाताना आईच्या पाया पडला आणि दोन पेट्या डाळिंबं ठेवून गेला. पिशवी भर असं तिला म्हणाला नाही.

याला आता वर्ष होईल. मामींच्या आधारवरचा पत्ता इथला करून घ्या, औषधं मिळायला बरं पडतं, हेही मेव्हण्यानंच सुचवलं. मागच्या महिन्यात आम्ही सेवा केंद्रात गेलो. संगणकावरच्या मुलीनं विचारलं, "ह्या कोण तुमच्या?"

"सासू."

"मिसेस आल्यात का? पत्त्याला लेकीची सही चालली असती."

"वारली ती," मी म्हणालो.

तो शब्द मी पहिल्यांदा उच्चारला. आवाज माझाच होता, पण जरा मोठा झाला असावा. रांगेतल्या दोघा-तिघांनी वळून पाहिलं. त्या मुलीनं मान खाली घालून मशीन पुढं सरकवलं. मामींचा अंगठा लागेना. भांडी घासून घासून रेषा पुसल्यात. मुलगी म्हणाली, आजी, अंगठा कोरडा करा. मामींनी पदराला पुसला, परत ठेवला, परत लागला नाही. मग मी त्यांचं बोट धरलं आणि काचेवर दाबून ठेवलं.