आप्पांच्या अंगातला करंट

आंब्यावरून पडलो मी एकटाच; उचलायला मात्र अख्खं उचगाव धावलं. आमच्याकडं पडलेल्याला पडून राहू देत नाहीत. एकानं काखेत हात घातले, दुसऱ्यानं पाय धरले, तिसऱ्यानं नाकाला कांदा लावला आणि मोटरसायकलवर दोघांच्या मधे कोंबून मला बेळगावला नेलं. डॉक्टर म्हणाले, मणका मोडलाय, आतला मज्जारज्जू चेपलाय. पडताना की उचलताना, ते देवालाच ठाऊक. तेव्हापासून कमरेखालचा ऐवज माझं ऐकत नाही. पायावर कोंबडा नाचून गेला तरी मला पत्ता नसतो.

जीभ मात्र शाबूत राहिली. दरवर्षी मी तो आंबा थोडा उंच करत गेलो. हल्ली त्याच्या शेंड्यावरून गोव्याचा समुद्र दिसतो.

गेल्या उन्हाळ्यात शेजारचे आप्पा गोठ्याची कौलं परतायला चढले आणि पाठीवर आदळले. मी अंगणात चाकाच्या खुर्चीत होतो. "पाय बधिर झालंत रं," आप्पा म्हणाले. तोवर वीसेक माणसं बाह्या सरसावून हजर. एकानं मोटरसायकलही सुरू केली.

"हलवू नका," मी म्हटलं. "मणका असंल. ॲम्ब्युलन्स बोलवा, फळीवरनंच न्यायचं."

"व्हय, आता ह्यो डॉक्टर झाला. काल तर झाडावरनं गोवा बघत हुतास न्हवं?"

सगळे हसले. एकाचे हात आप्पांच्या काखेत शिरायला लागले. खरं बोलून काही उपयोग नव्हता. मग मी माझ्या हातखंड्यावर आलो.

"शिवू नगंस. वायरला चिकटून पडल्यात. अंगात करंट हाय अजून. माझी चाकं रबराची म्हणून मी वाचलोय."

वीस माणसं एका उडीत मागं गेली. हे बरं लगेच पटलं. एकानं ॲम्ब्युलन्सला फोन लावला, दोघं ट्रान्सफॉर्मर बंद करायला पळाले. गावभरचे पंखे थांबले.

आप्पांची बायको, आक्का, लांबूनच म्हणाली, "अहो, करंट हाय व्हय तुमच्यात?"

"राग हाय," आप्पा म्हणाले.

"बोलू नका आप्पा, जिभेवर येतोय करंट," मी म्हटलं.

ॲम्ब्युलन्सवाल्यांनी आप्पांच्या मानेला पट्टा बांधला आणि उघड्या हातांनी, लाकडाच्या ओंडक्यासारखं सरळ, त्यांना फळीवर घेतलं. झटका कुणालाच बसला नाही. वीस जोडी डोळे माझ्याकडं वळले. मी चाकाची हवा तपासू लागलो.

मणक्याला तडा गेलेला, पण मज्जारज्जू वाचला. आप्पांना दुमडून मोटरसायकलवर बसवलं असतं तर दुसरी खुर्ची लागली असती, असं डॉक्टर आक्काला म्हणाले.

आता आप्पा काठी टेकत रोज संध्याकाळी येतात. "मिरचीगत उन्हात वाळवलास मला, लबाडा," म्हणून शिव्या देतात.

मी त्यांना बसा म्हणत नाही. उभ्यानं देऊ देत.