आधी पाऊसपाणी

अण्णांना कुणाकडे काही मागायचं असलं की ते आधी पावसाची चौकशी करत. समोर शेजारच्या गावचा माणूस असो, तहसीलमधला कारकून असो, नाहीतर चुकून लागलेल्या फोनवरचा कुणी अनोळखी असो, "रामराम. पाऊसपाणी कसं हाय तिकडं?" एवढं झाल्याशिवाय त्यांची गाडी पुढं सरकत नसे. पावसानंतर जनावरं, जनावरांनंतर लेकरंबाळं, मग माठातलं पाणी, मग चहा. कप खाली ठेवता ठेवता, आत्ताच आठवल्यासारखं ते म्हणत, "त्ये आमच्या टँकरचं तेवढं बघता का जरा?" आणि टँकर यायचा. तालुक्यात इतर गावांच्या आधी यायचा.

अण्णा आमच्या गावच्या दूध संस्थेचे सेक्रेटरी. परळी तालुक्यात, धर्मापुरीच्या अलीकडचं आमचं गाव. संस्थेचा चेअरमन दर निवडणुकीला बदले, अण्णा मात्र तसेच राहिले, कारण मागायचं काम त्यांच्याइतकं कुणालाच येत नव्हतं. "मागायला लाज कावून वाटावी? रीत पायजे फक्त," असं ते म्हणत. मी अंबाजोगाईहून कॉम्प्युटरची पदवी घेऊन परत आले, तेव्हा घरच्यांना वाटलं की आता ही पुण्याला जाणार. अण्णा आमच्या घरी आले, पावसावर बोलले, आमच्या म्हशीवर बोलले, दोन कप चहा प्यायले आणि जाताना मला संस्थेत ऑपरेटर म्हणून घेऊन गेले. मी हो कधी म्हणाले ते मला अजूनही आठवत नाही.

संस्थेत एक कॉम्प्युटर होता आणि अण्णांना त्याचं वेड होतं. प्रोग्रामिंग त्यांना फारसं येत होतं असं मी म्हणणार नाही. इंटरनेटवरून इथला तुकडा, तिथला तुकडा आणून ते जोडायचे. दूध किती, फॅट किती, एवढं सांगणारा आमचा प्रोग्राम म्हणजे गोधडीच होती. ठिगळं त्यांची, टाके माझे. तो चालला की ते स्क्रीनसमोर बसून एकटेच हसत. चष्मा कपाळावर चढवून मला म्हणत, "चालतंय बग! कावून चालतंय त्ये नको इचारू."

मग पाऊस गेला. एक वर्ष गेला, दुसऱ्या वर्षीही आला नाही. दूध आटत आटत किटलीच्या तळाला गेलं. गावाचं तळं कोरडं पडलं आणि त्या कोरड्या तळ्यातच संस्थेनं जनावरांची छावणी काढली. प्रत्येक जनावराच्या कानात बिल्ला. रोज संध्याकाळी मोबाइल घेऊन बिल्ल्याजवळ धरायचा, नोंद व्हायची, नोंदी वर सरकारकडं जायच्या. वर जेवढी जनावरं दिसतील तेवढाच चारा दुसऱ्या दिवशी ट्रकमधून यायचा. हातानं लिहिलेला आकडा कुणी धरत नव्हतं. नोंदी घेणारा प्रोग्राम आम्हीच केला होता, अण्णांनी आणि मी. पहिले काही दिवस तो नीट चालला, म्हणून त्या दिवसांत अण्णांचा पाय जमिनीवर नव्हता.

छावणी भरत गेली तशी जनावरं तळ्याच्या खालच्या अंगाला बांधावी लागली. तिथं मोबाइलला रेंज नव्हती. सगळ्यात खाली सटवाजी धनगराची गुरं होती. मेंढरं त्यानं आधीच विकली होती आणि राहिलेल्या चार गाईंवर त्याचं घर उभं होतं. नोंद करताना त्या मोबाइलवर दिसायच्या, पण वर पोचायच्या नाहीत. रेंज आली की खालच्या अंगाची एखाददुसरी नोंद जायची, बाकीच्या कुठं जात होत्या ते कळेना. चारा कमी पडायला लागला. अण्णा सगळ्यांच्या पेंढीतून थोडं थोडं काढून सटवाजीच्या गाईंपुढं टाकत, आणि त्यावरून छावणीत कुरबुर सुरू झाली. मी दिवसभर कोड वाचत बसायची. मला काही दिसत नव्हतं.

प्रोग्राम लिहिणारी जगभरची माणसं एकमेकांना प्रश्न विचारतात अशी एक साइट होती. आमची निम्मी ठिगळं तिथूनच आलेली. आजवर आम्ही तिथं नुसते वाचायला जात होतो, विचारलं काहीच नव्हतं. मी म्हणाले, "अण्णा, मी टाकते प्रश्न."

"तू न्हाई. मागायचं काम सेक्रेटरीचं हाय," अण्णा म्हणाले. त्यांना त्यात काही अवघड वाटलंच नाही. आयुष्यभर हेच तर केलं होतं.

त्यांनी अख्खी दुपार बसून इंग्रजीत प्रश्न लिहिला. शब्द अडला की मला विचारत. सुरुवातीला सगळ्यांना नमस्कार. आपण व आपले कुटुंबीय खुशाल असतील ही आशा. आमच्याकडे दोन वर्षं पाऊस नाही, आपल्याकडे कसा आहे. मी एका दूध संस्थेचा सेक्रेटरी, आमच्या छावणीत इतकी इतकी जनावरं. सटवाजीच्या गाईंचंही त्यात होतं, त्यातली एक गाभण आहे हेसुद्धा. मग कुठंतरी खाली, चहाचा कप ठेवल्यासारखा, कोड. शेवटी आगाऊ आभार, आणि कधी परळीला वैजनाथाच्या दर्शनाला आलात तर आमच्या गावाला जरूर या. मी म्हणाले, अण्णा, तिथं एवढं लिहीत नाहीत. ते म्हणाले, "आगं, वळख न्हाई पाळख न्हाई, आन एकदम काम सांगायचं? आपुन काय उचलून आणलेले हाव का?"

प्रश्न गेला. ते स्क्रीनसमोरून हलले नाहीत. तिथं एकाचा प्रश्न दुसऱ्याला दुरुस्त करता येतो; थोड्याच वेळात कुणीतरी, कुठल्या देशातलं देव जाणे, प्रश्नाला हात घातला. नमस्कार गेला. कुटुंबीय गेले. पाऊस गेला, जनावरं गेली, आभार गेले, वैजनाथही गेला. खाली एक ओळ आली, तुम्ही आतापर्यंत काय करून पाहिलं? दुसऱ्यानं आणखी एक टाकली, प्रश्न स्पष्ट नाही. मग उणे गुण पडले आणि प्रश्न बंद झाला, आता त्याला कुणी उत्तर देऊ शकणार नव्हतं.

 अण्णा माझ्याकडं वळून म्हणाले, "रामराम काढला, आभार काढले, जनावरंबी काढले. मंग ऱ्हायलं काय?"

मी त्यांना समजावलं. तिथं रोज हजारो माणसं येतात, प्रत्येकाचा रामराम वाचत बसलं तर उत्तर द्यायला वेळ उरत नाही, पुढं तोच प्रश्न घेऊन येणाऱ्याला नुसता प्रश्न आणि उत्तर पाहिजे असतं. ते मान हलवत होते, पण त्यांना पटलं वेगळंच. बोलण्यात आपलीच काही कमी राहिली, म्हणून माणसं नाराज झाली, असं त्यांनी धरलं. तहसीलमध्ये कारकून खेकसला की अण्णा दुसऱ्या दिवशी जास्त वेळ बसत. इथंही त्यांनी तेच केलं. पुन्हा प्रश्न लिहिला, आणि या वेळी नमस्कार पहिल्यापेक्षा मोठा. काल काही चुकलं असेल तर लहान भाऊ समजून पदरात घ्यावं, अशी माफी. तोही प्रश्न बंद झाला. त्यांनी तिसरा लिहिला. तेव्हा साइटनं कळवलं की या खात्यावरून आता प्रश्न विचारता येणार नाही.

त्या साइटवरच्या लोकांचा मला तेव्हा भयंकर राग आला होता. आज मी त्याच लोकांत बसते, उत्तरं देते, आणि त्यांचं म्हणणं मला कळतं. ती माणसं वाईट नव्हती. फुकट उत्तरं देत होती, स्वतःचा वेळ घालून. पण राग अजून पुरता गेला नाही, हेही खरं आहे.

मधल्या दिवसांत सटवाजीची गाभण गाय बसली. बसलेलं जनावर छावणीत उठवायचं म्हणजे चार माणसं आणि दोर. उठवलं, पुन्हा बसली. पोटात वासरू आणि पुढ्यात उसाचं मूठभर वाळकं वाढं. अण्णा तिच्या तोंडाशी पाण्याची बादली धरून उकिडवे बसले होते.   अण्णा तिथून उठून थेट ऑफिसात आले आणि उभ्या उभ्याच मला म्हणाले, "तुझ्या रीतीनं इचार."

मी विचारलं. माझ्या नावानं नवं खातं काढून, तीन ओळींत. प्रोग्रामनं काय करायला हवं, प्रत्यक्षात काय होतंय, मी काय काय करून पाहिलं. खाली कोडचा नेमका तेवढाच भाग. नमस्कार नाही, आभार नाहीत. अण्णा मागं उभे होते. "बोडकं दिसतंय," एवढंच म्हणाले. उत्तर चहा उकळायच्या आत आलं. रेंज नसताना तुमची प्रत्येक नवी नोंद आधीच्या नोंदीवर लिहिली जाते, म्हणून शेवटची तेवढी उरते. अमुक ओळ बदला. बदलली. त्या संध्याकाळी सगळी गुरं वर पोचली आणि सकाळी पुरा चारा आला.

गाय पहाटेच गेली होती. उरलेल्या तीन गाई दाव्यावरून सोडून, विकायला घेऊन सटवाजी परळीच्या बाजाराकडं निघाला होता. अण्णा त्याच्या मागं वाटेपर्यंत गेले. "सटवा, चारा आलाय, थांब बाबा," ते म्हणाले. सटवाजी म्हणाला, "ऱ्हाऊ द्या अण्णा. तुमी लई केलं." आणि रामराम घालून तो चालू लागला. त्याच्या त्या रामरामानं अण्णा खचले असं मला वाटतं. परत आले ते बाकड्यावर बसले आणि म्हणाले, "गाय मरत होती आन मी रामराम घालत बसलतो."

संध्याकाळी त्यांनी मला त्या उत्तर देणाऱ्या माणसाला आभार लिहायला लावले. मी उत्तराखाली लिहिले. दुसऱ्या दिवशी ते नव्हते, कुणीतरी पुसले होते. अण्णांना हे सांगायला नको होतं, पण त्यांनी स्वतःच उघडून पाहिलं. "उपकार घेतला आन पाणीबी पाजता आलं न्हाई," म्हणाले. चिडले नाहीत. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर अण्णांनी पाऊसपाणी विचारणं सोडलं. हे एकदम लक्षात आलं नाही. एकदा त्यांच्याबरोबर तहसीलला गेले होते. अण्णा कारकुनाच्या टेबलापुढं उभे राहिले, खुर्ची ओढली नाही, आणि म्हणाले, "टँकर आला न्हाई. दोनदा फोन केलाय. उद्या पायजे." कारकून त्यांच्याकडं बघतच राहिला. त्याला वाटलं अण्णा भांडायला आलेत. बाहेर आल्यावर मी म्हणाले, "अण्णा, बसला असतात जरा." ते म्हणाले, "त्येंचा येळ कावून खायाचा?" टँकर त्या खेपेला लवकर आला नाही. तहसील जुन्याच रीतीनं चालत होती, बदलले होते फक्त अण्णा. गावातली माणसं म्हणायला लागली की सेक्रेटरीला माज चढला. संस्थेत येऊन बसणारी म्हातारी माणसं कमी झाली. लग्नाच्या मांडवात अण्णा आहेर देऊन लगेच निघायला लागले. मला त्यांच्याकडं बघवत नव्हतं.

पुढं पाऊस झाला, पण गोठ्यात गुरंच उरली नव्हती. दूध संस्था अवसायनात निघाली, दाराला कायमचं कुलूप लागलं. कॉम्प्युटर कुणी नेला माहीत नाही. मी पुण्याला आले, जिथं मी सुरुवातीलाच येणार होते. अण्णांचा फोन यायचा, कामापुरता. नातवाला कुठल्या कॉलेजात घालू, हा कागद कुठं मिळतो. विचारायचे, उत्तर ऐकायचे, ठेवायचे. मी इकडचं काही सांगायला लागले की म्हणत, "बरं, तुझं काम चालू दे."

शेवटचा फोन दुपारी आला. मी ऑफिसात होते. "पोरी, छातीत दुखतंय सकाळपसून. परळीच्या दवाखान्यात दाखवलं. अंबाजोगाईला न्ह्या म्हणलेत. घरी कुणी न्हाई, गाडी पायजे." काय झालं, काय करून पाहिलं, काय हवं. एक शब्द जास्तीचा नाही. इतका नेटका प्रश्न मी त्या साइटवरही क्वचित वाचला असेल, आणि तो मीच त्यांना शिकवला होता.

मी म्हणाले, "तिथंच बसा, पाठवते."  फोन कटला असं मला वाटलं. मग त्यांचा आवाज आला, पूर्वीचा, लांबवलेला. "पाऊसपाणी कसं हाय गं तिकडं?"

"अण्णा, ते मग. आधी गाडीला फोन करू द्या," मी म्हणाले आणि फोन ठेवला. त्यात माझं चुकलं असं मी म्हणत नाही. घाई खरीच होती. गाडी वेळेवर गेली, अंबाजोगाईला ते पोचलेही. दोन दिवसांनी गेले. मी निघाले होते, वाटेत कळलं.

आता साइटवर कुणा नवख्याचा प्रश्न येतो. आदरणीय सर, आपण सगळे खुशाल असाल. दुसरं कुणी ते काढून टाकायच्या आत मी सगळं वाचून घेते, आणि उत्तर देते. कधी कधी वाचता वाचता अण्णांचा फोनवरचा तो प्रश्न आठवतो. त्याचं उत्तर द्यायचं राहिलं.

पाऊस होता, अण्णा. सकाळपासून लागून राहिला होता.